दरवर्षी लॉनला टक्कल पडतं? नवं कार्पेट टाकण्याआधी खालची माती उकरून बघा

मुलुंडला आमच्या जुन्या बैठ्या घरासमोर साधारण ५०० चौरस फुटांचं लॉन आहे. मुंबईत घरासमोर एवढी उघडी जमीन असणं हे मोठं भाग्य, त्यामुळे ती हिरवी राहावी असं घरातल्या प्रत्येकाला मनापासून वाटतं. तरीही सलग चार वर्षं आमच्याकडे एकच चक्र चालू होतं. ऑक्टोबरचं ऊन तापलं की फाटकापासून ओटीपर्यंतच्या पट्ट्यात आणि मधोमध गवत पिवळं पडायचं. दिवाळीपर्यंत तिथे नुसती गुळगुळीत माती उरायची. मग नवं कार्पेट, म्हणजे नर्सरीतून मातीसकट येणारी गवताची तयार चटई, यायचं, मे महिन्यापर्यंत बरं दिसायचं. जूनमध्ये पाऊस लागला की त्यावर पाणी थांबायचं, हिरवं शेवाळ धरायचं, लव्हाळा माजायचा आणि गणपती जाईपर्यंत पुन्हा टक्कल पडायला सुरुवात.

या चार वर्षांत आम्ही पाणी वाढवलं, युरिया टाकला, कीड असेल म्हणून औषध मारलं, गवताची जात बदलली. कशानेच काही झालं नाही. शेवटी ज्या उपायाने फरक पडला तो सगळ्यात कमी खर्चाचा होता, फक्त अंगमेहनतीचा: लॉनमधून मातीच्या हजारो छोट्या गोळ्या उपसून काढायच्या आणि त्या भोकांतून हवा-पाणी खाली जाऊ द्यायचं. इंग्रजीत याला एरेशन म्हणतात, आमचे माळीकाका याला ‘जमिनीला नाकं पाडणं’ म्हणतात. तुमच्याकडे असंच चक्र चालू असेल तर आधी निदान कसं करायचं आणि मग काय करायचं, ते सविस्तर लिहिते.

माळीकाकांनी सांगितलेली चिखलणी

काका मूळचे राजापूरकडचे, घरी भातशेती. पाचव्या वर्षी मी पुन्हा कार्पेटची ऑर्डर द्यायला निघाले तेव्हा त्यांनी मला थांबवलं. खुरप्याने टकलाच्या कडेला वीतभर लांबी-रुंदीचा चौकोन कापला आणि तो गड्डा उचलून माझ्या हातात ठेवला.

“ताई, हे बघा. आमच्याकडे भाताला चिखलणी करतात ना, ती कशाला? पाणी खाली मुरू नये म्हणून. तुम्ही पावसात लॉनवरून ये-जा करून करून त्याची चिखलणी केलीत. भात असता तर आलं असतं पीक. गवत कसं येईल?”

त्या गड्ड्यात चिरोट्यासारखे थर दिसत होते. वर इंचभर तांबडी चिकट माती, तिच्याखाली दुसऱ्या रंगाची तशीच पट्टी, मग आणखी एक. खाली मुरूम आणि विटांचे तुकडे. प्रत्येक पट्टी म्हणजे एकेका वर्षाचं कार्पेट! नर्सरीत कार्पेट ज्या मातीवर वाढवतात ती माती गवतासोबत आपल्याकडे येते, आणि आम्ही जुनं गवत वरवर खरवडून नवं त्याच्यावर अंथरत होतो. पांढरी मुळं पहिल्या पट्टीपर्यंत सरळ खाली आली होती आणि तिथून आडवी वळली होती. एकही मूळ दुसऱ्या थरात शिरलं नव्हतं. इंचभर जमिनीत जगणारं गवत ऑक्टोबरच्या उन्हात करपणार नाही तर काय होणार?

चिखलणीचा दाखला मला फार पटला, कारण तो शब्दशः खरा आहे. चांगल्या मातीत निम्मी जागा कणांची आणि निम्मी पोकळ्यांची असते. त्या पोकळ्यांत थोडं पाणी, थोडी हवा. ओली माती पायाखाली तुडवली की तिचे भुरभुरीत दाणे मोडतात, बारीक कण एकमेकांना चिकटून बसतात आणि मोठ्या पोकळ्या आधी मिटतात. पाणी खाली नेणाऱ्या आणि हवा आणणाऱ्या नेमक्या याच पोकळ्या असतात. भाताच्या मुळांत पानांकडून हवा खाली आणणाऱ्या पोकळ नळ्या असतात, म्हणून ते साचलेल्या पाण्यात तगतं. लॉनच्या गवताला मातीतूनच हवा लागते. आणि पाण्याने भरलेल्या मातीत प्राणवायू हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू सरकतो, म्हणजे मूळ अक्षरशः गुदमरतं.

कोकणात पावसाळा संपला की अंगण भिजवून, चोपण्याने ठोकून, शेणाने सारवून खळं तयार करतात. ते टणक व्हावं, त्यावर गवत उगवू नये, हाच तिथला हेतू. आपण लॉनवर पावसाळ्यात चपला, खुर्च्या, स्कूटर आणि मुलांचं क्रिकेट यांनी तेच चोपणं फिरवतो आणि वर गवताची अपेक्षा धरतो.

एक दिलासा म्हणजे माणसांच्या वर्दळीने दबणारी माती बहुतेक वरच्या दोन-तीन इंचांतच असते. तेवढं मोकळं केलं की पुढची वाट मुळं स्वतः काढतात. सगळी जमीन खणून काढायची गरज क्वचितच पडते.

खरंच माती दबली आहे का, हे कसं ओळखाल

टक्कल पडण्याची कारणं अनेक असतात, म्हणून आधी हे तपासा. घाईने भोकं पाडत सुटू नका.

सगळ्यात सोपी चाचणी लांब स्क्रूड्रायव्हरची. लॉनला आदल्या दिवशी नीट पाणी द्या. दुसऱ्या दिवशी तळहाताच्या जोराने स्क्रूड्रायव्हर उभा दाबा. मोकळ्या मातीत तो चार-पाच इंच सहज उतरतो. आमच्याकडे टकलाच्या जागी तो इंचभर गेला आणि थांबला; तोच जास्वंदीच्या आळ्याशेजारी, जिथे कोणी पाय देत नाही, तिथे मुठीपर्यंत गेला. ही तुलना महत्त्वाची आहे. एकाच आवारातल्या वर्दळीच्या आणि बिनवर्दळीच्या जागेत एवढा फरक असेल तर माती दबलेली आहे, यात शंका धरू नका. कोरड्या मातीत मात्र ही चाचणी करू नका, कारण चिकणमाती कोरडी असली की दबलेली नसतानाही दगडासारखी लागते.

दुसरी चाचणी पाण्याची. पावडरचा किंवा बिस्किटांचा गोल डबा घ्या, त्याचं बूड कापून टाका आणि तो लॉनमध्ये दोन इंच दाबून बसवा. आत इंचभर पाणी ओता, ते जिरू द्या, मग पुन्हा इंचभर ओता आणि या दुसऱ्या वेळचा वेळ मोजा. जास्वंदीजवळ आमचं पाणी १२ मिनिटांत जिरलं. टकलाच्या जागी दीड तासानंतरही तळाशी पाणी होतं. हे आकडे वहीत लिहून ठेवा. उपाय केल्यावर फरक पडला की नाही हे नजरेने ठरवता येत नाही, डब्याने ठरवता येतं.

तिसरी, काकांची गड्ड्याची चाचणी. मला यातूनच सगळ्यात जास्त कळलं. गड्डा कापताना चार गोष्टी बघा: मुळं किती खोल आहेत, ती कुठे आडवी वळतात का, मातीचे वेगवेगळे थर आहेत का, आणि वास कसा येतो. सडक्या अंड्यासारखा वास आणि मातीवर करडी-निळसर झाक असेल तर तिथे पाणी फार काळ कोंडलेलं आहे. गवताच्या बुडाशी, मातीच्या वर, तपकिरी गादीसारखा मेलेल्या काड्यांचा थर दिसेल. तो अर्ध्या इंचाहून जाड असेल तर पाणी तिथेच अडतंय. अशा वेळी आधी दाताळ्याने तो थर विंचरून काढावा लागतो. मेक्सिकन नावाने विकलं जाणारं गवत आणि हरळीच्या जाती या दोन्हींत असा थर लवकर साठतो.

आता सावलीबद्दल. मुंबईत हा प्रश्न आपल्या हातात नसतो. शेजारी पुनर्विकासात वीस मजली इमारत उभी राहिली की कालपर्यंत उन्हात असलेलं लॉन दुपारी बारापर्यंत अंधारात जातं. हरळी आणि तिच्या निवडक जाती, म्हणजे नर्सरीत सिलेक्शन वन म्हणून मिळतं ते, यांना दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन लागतं. तेवढं मिळत नसेल तर कितीही भोकं पाडा, गवत विरळच राहणार. एका सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दर तासाला लॉनचा फोटो काढा, उत्तर मिळेल.

न चाललेले उपाय

यातलं बरंचसं मी स्वतः करून बसले आहे, आणि दुकानात आजही हेच सल्ले मिळतात, म्हणून सांगते.

पाणी वाढवणं. पाणी खाली जातच नाही, तेव्हा रोज शिंपडलेलं पाणी वरच्या इंचातच राहतं. मुळं आणखी वर येतात, शेवाळ वाढतं, लव्हाळ्याला तर हेच हवं असतं.

युरिया. आठवडाभर गवत गडद हिरवं दिसतं, मग जास्तच करपतं. मुळं अशक्त असताना पानं वाढवणं म्हणजे आजारी माणसाला पळायला लावणं.

खिळ्यांच्या चपला आणि पहारीची भोकं. या उपायावर लोकांचा फार विश्वास असतो, म्हणून जरा समजावून सांगते. खिळा किंवा पहार मातीत घुसते तेव्हा माती कुठेच जात नाही, फक्त बाजूला ढकलली जाते. म्हणजे भोक पडतं, पण भोकाच्या भिंती आधीपेक्षा घट्ट होतात. ओल्या चिकणमातीत तर त्या भिंतींवर लिंपल्यासारखा गुळगुळीत लेप बसतो. रेताड मातीत याचा थोडा उपयोग होईल, आपल्या लाल चिकट मातीत नाही. माती बाहेर निघाली पाहिजे, इथेच सगळी मेख आहे.

बागेचा चार दात्यांचा काटा मात्र मी निकामी म्हणणार नाही. तो चार इंच खोल घालून दांडा किंचित मागे ओढला, की वरची जमीन हलकीशी उचलली जाते आणि भेगा पडतात. शंभरेक चौरस फुटांचं छोटं लॉन असेल आणि माती फार दबलेली नसेल तर एवढंही पुरतं. दांडा फार ओढू नका, नाहीतर गवताची मुळं तुटतात.

वरून रेती फेकणं. भोकं न पाडता नुसती रेती पसरली तर चिकणमातीवर आणखी एक थर तयार होतो. आणि थोडीशी रेती चिकणमातीत कालवली तर ती मोकळी होण्याऐवजी विटेच्या मातीसारखी कडक होते. रेतीचं प्रमाण खूप जास्त असल्याशिवाय मातीचा स्वभाव बदलत नाही.

जिप्सम. माती मोकळी होते म्हणून ही खनिजाची भुकटी दुकानदार हमखास देतात. मातीत सोडियम जास्त असेल तरच जिप्सम काम करतं. महापालिकेचं पाणी तलावांतून येतं, ते गोडं असतं. त्यावर वाढणाऱ्या लॉनला बहुधा त्याची गरज नाही. पण बोअरवेलचं पाणी देत असाल आणि घर खाडीच्या बाजूला, मिठागरांजवळ असेल तर गोष्ट वेगळी. खारं पाणी सतत दिल्याने सोडियम साठतो, मातीचे दाणे विरघळल्यासारखे सुटे होतात आणि जमीन आपोआप आवळते. जमिनीवर पांढरट पापुद्रा दिसत असेल तर पाणी आणि माती दोन्ही प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि मगच जिप्सम टाका.

प्रत्यक्ष काम: वेळ, हत्यार, पद्धत

वेळ चुकली तर उपायाचा अपाय होतो. मुंबईतून पाऊस परतायची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने २०२० पासून ८ ऑक्टोबर धरली आहे. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी माती ओलसर असते पण लडबडीत नसते, हवा तापलेली असते आणि आपली सगळी लॉनची गवतं उष्ण हवामानाची असल्यामुळे ती तेव्हा जोमात वाढतात. भोकं महिन्याभरात भरून येतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार झाल्या की वाढ मंदावते, म्हणून तेव्हा करू नका. दुसरी चांगली वेळ मेचा पहिला पंधरवडा. तेव्हा आदल्या दिवशी पाणी द्यावं लागतं, पण पावसाआधी तीन-चार आठवडे मिळतात. जून तोंडावर आल्यावर केलं तर पहिल्याच मोठ्या सरीत वरची रेती-खत वाहून गटारात जातं. आमचं एकदा गेलं आहे. आणि भर पावसात, जुलैत, तर लॉनवर पायही ठेवू नका. मातीची परीक्षा सोपी आहे: मूठभर माती दाबा आणि बोटाने टोचा. फुटली तर काम करा. चिखलाचा गोळा तसाच राहिला, हाताला चिकटला, तर थांबा.

हत्यार पोकळ दात्यांचं हवं. ऑनलाइन पायाने दाबायची तयार हत्यारं मिळतात, मोठ्या लॉनसाठी पेट्रोलवर चालणारी यंत्रंही असतात. आम्ही जवळच्या ग्रिलवाल्याकडून करून घेतलं. अर्धा इंची जीआय पाइपचे सहा-सहा इंचांचे दोन तुकडे, एकमेकांपासून चार इंचांवर आडव्या पट्टीला वेल्डिंग केलेले, पट्टीवर पाय ठेवायला जागा आणि वर छातीइतका उंच दांडा. यात दोन गोष्टी सांगून करून घ्या. पाइपचं तोंड बाहेरून घासून धारदार करायचं आणि आतल्या बाजूला किंचित ठोकून अरुंद करायचं. तोंड अरुंद आणि वरचा भाग रुंद असला की मातीची गोळी आत अडकून बसत नाही. शिवाय पाइपच्या अंगाला उभी खाच कापून घ्या, म्हणजे पुढची गोळी मागचीला वर ढकलते आणि ती खाचेतून बाहेर पडते. पहिल्या नमुन्यात आम्ही खाच ठेवली नव्हती. दर दहा भोकांनंतर खिळ्याने माती कोरून काढावी लागत होती आणि अर्ध्या तासात सगळे कंटाळले.

कामाआधी जमिनीखाली काय आहे ते माहीत करून घ्या: बागेतल्या दिव्यांच्या वायरी, पाण्याचे पाइप, गॅसची लाइन. तीन इंचांत सहसा काही लागत नाही, पण बागेच्या वायरी लोक अगदी वरवर पुरतात. त्या जागी काठीला चिंधी बांधून खूण करा.

गवत नेहमीपेक्षा थोडं खाली कापा, काडीकचरा झाडून घ्या. मग फाटकाकडून सुरुवात करून सरळ ओळीत, तीन इंच खोल, चार-चार इंचांवर भोकं पाडत चला. चौरस फुटाला नऊ भोकं होतात. टकलाच्या जागी उलट दिशेने दुसरी फेरी मारा म्हणजे ती दुप्पट होतील. अंतर यापेक्षा जास्त ठेवलं तर काम लवकर उरकतं, पण उपयोगही तेवढाच कमी होतो. आमच्या ५०० चौरस फुटांना साधारण साडेचार हजार भोकं पडली. दोन दात्यांमुळे पाय मात्र सव्वादोन हजार वेळाच दाबावा लागला. आम्ही तिघांनी मिळून तीन सकाळी, सहा ते आठ, एवढ्यात केलं. माझ्या सासूबाई ओटीवर बसून ओळ वाकडी जातेय की सरळ, हे सांगत होत्या, आणि खरंच त्यामुळे एकही पट्टा सुटला नाही.

मध्येच दाता टणकन वाजला आणि पुढे जाईना, तर तिथे वीट किंवा काँक्रीटचा तुकडा आहे. मुंबईत लॉनखाली डेब्रिज पुरलेलं सापडणं नेहमीचंच. एखाद-दुसरा तुकडा असेल तर उकरून काढा, खड्डा मातीने भरा.

निघालेल्या गोळ्यांचं काय करायचं? चांगल्या भुरभुरीत मातीच्या असतील तर दिवसभर वाळू द्या आणि खराट्याने फोडून तिथेच पसरवा. आमच्यासारख्या नुसत्या चिकट लाल मातीच्या असतील तर गोळा करून घ्या. आम्ही त्या कुंड्यांच्या मातीत शेणखताबरोबर मिसळल्या.

आता भोकं भरायची. दोन भाग धुतलेली भरड रेती आणि एक भाग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. रेती समुद्राची नको, तिच्यात मीठ असतं. क्रश सँड वापरत असाल तर ती टबात दोन-तीनदा धुऊन घ्या, कारण तिच्यातली दगडाची बारीक भुकटी नेमक्या त्याच पोकळ्या बुजवते ज्या आपण उघडल्या. पाव इंच थरासाठी ५०० चौरस फुटांना साधारण १० घनफूट मिश्रण लागतं, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या आठ-साडेआठ पिशव्या. फावड्याने पसरवा आणि उलट्या दाताळ्याने किंवा खराट्याने भोकांत ढकला. गवताची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत. लगेच पाणी द्या, पण धार नको, झारीसारखं.

इथे रेती चालते आणि वर मी रेतीला नको म्हटलं, यात विसंगती वाटेल. फरक असा की इथे रेती मातीत कालवली जात नाही, तिचे उभे खांब तयार होतात. पाणी त्या खांबांतून सरळ खाली उतरतं, मुळं त्याच वाटेने जातात, आणि कार्पेटचे ते चिरोट्यासारखे थर जागोजागी भेदले जातात.

पुढचे तीन आठवडे लॉनवर कोणी जायचं नाही. फाटकापासून ओटीपर्यंत आम्ही फळ्या टाकल्या. दहाव्या दिवशी हलका डोस संतुलित खताचा. टकलाच्या जागी नवं कार्पेट न अंथरता आम्ही कडेच्या गवताचे दोन-दोन इंचांचे तुकडे कापून वीतभर अंतरावर लावले. याला वेळ लागतो, पण परकी माती येत नाही. गुढीपाडव्यापर्यंत टक्कल भरलं होतं.

पुन्हा होऊ नये म्हणून

पहिल्या वर्षी आम्ही हे काम दोनदा केलं, ऑक्टोबरात आणि मेमध्ये. एका फेरीत जमीन पूर्ण मोकळी होत नाही; आमच्या डब्याच्या चाचणीत दीड तासांवरून आधी ५० मिनिटं आणि मेनंतर २५ मिनिटं असा फरक पडला. आता वर्षातून एकदा पुरतं.

पण चिखलणी चालू ठेवली तर भोकांचा काय उपयोग? मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. याच चार महिन्यांत माती सगळ्यात लवकर दबते, आणि याच काळात आपल्याकडे गणपती येतात. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो, दर्शनाला दोन-अडीचशे माणसं येतात. त्यांनी जपून चाला असं कसं म्हणणार? म्हणून आम्ही वाटच बांधली. शहाबादी लाद्या पावलाच्या अंतरावर, गवताच्या पातळीला बसवल्या. माणूस आपोआप लादीवर पाय देतो. खुर्च्या मांडायच्या तर खाली प्लायवूड टाकतो आणि रात्री उचलून ठेवतो, नाहीतर गवत खाली पिवळं पडतं. मुलाच्या क्रिकेटला बंदी नाही. फक्त जून ते सप्टेंबर लॉनवर खेळायचं नाही आणि बाकीच्या वेळी दर आठवड्याला स्टंपची जागा बदलायची. हे त्याने मान्य केलं, कारण लॉनवर चेंडू सरपटत जातो आणि टकलावर उसळतो, हे त्याचं त्यालाच दिसलं.

रोलर बंद करा. काही माळी दर महिन्याला लॉन सपाट करायला रोलर फिरवतात. क्रिकेटच्या खेळपट्टीवर रोलर फिरवतात तो माती दाबण्यासाठीच. खड्डे असतील तर रेती-खताचा पातळ थर देऊन भरा.

पाणी रोज थोडं देण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा भरपूर द्या. आठवड्याला इंचभर पाणी धरलं तर ५०० चौरस फुटांना सुमारे १,१८० लिटर होतात. टाकीवर भार नको म्हणून आम्ही अर्धं लॉन सोमवार-गुरुवारी आणि अर्धं मंगळवार-शुक्रवारी भिजवतो. स्क्रूड्रायव्हर चार इंच ओला निघाला की पाणी पुरलं असं समजा. गवत कापताना एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नका, कारण पानं फार कमी झाली की मुळंही आखडतात.

गांडुळांनी पावसात काढलेल्या मातीच्या ढिगल्या बघून कोणी औषध मारायला सांगितलं तर ऐकू नका. ती आपलंच काम करतायत. खत घालत राहिलात, कीटकनाशक थांबवलंत, तर ती परत येतात. आमच्याकडे दुसऱ्या पावसाळ्यात दिसली तेव्हा काकांनी मला मुद्दाम हाक मारून दाखवली.

सोसायटीच्या पोडियमवर (पार्किंगच्या छतावर) लॉन असेल तर

तिथे खाली स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, निचऱ्याची जाळी, कापड आणि मग माती असा प्रकार असतो. मातीची खोली किती आहे हे इमारतीच्या नकाशावरून किंवा बांधणाऱ्याकडून आधी विचारून घ्या आणि तीन इंचांहून खोल जाऊ नका. पहार अजिबात नको. वॉटरप्रूफिंग फाटलं तर खालच्या पार्किंगमध्ये गळती सुरू होते आणि दुरुस्तीचा खर्च लॉनच्या कित्येक पट होतो. पोडियमवर भोकं पाडूनही पाणी साचत असेल तर बहुधा खालचं कापड बारीक मातीने चोंदलेलं असतं किंवा निचऱ्याचं तोंड बंद असतं. आधी तोंड साफ करून बघा.

आमच्याही लॉनमध्ये एक कोपरा या सगळ्याला दाद देत नव्हता. फाटकाशेजारी, जिथे स्कूटर उभी राहते. तीन फेऱ्या झाल्या तरी डब्यातलं पाणी तासभर हलत नव्हतं, आणि खणलं तेव्हा सहा इंचांवर जुन्या ओट्याचा कोबा सापडला. तो फोडून काढण्याऐवजी आम्ही तिथे लाद्या टाकल्या, मध्ये दोन-दोन बोटांच्या फटी ठेवून. त्या फटींत गणपतीच्या जुडीतल्या मुळासकट आलेल्या दूर्वा लावल्या आहेत. स्कूटर आता तिथेच उभी असते, आणि सासूबाई सकाळच्या पूजेला तिथूनच दूर्वा खुडतात.